गालिच्याचा रंग धोतराला लागतोय, काय करावं?

गोधडी | ४ जुलै, रात्री ९:५२

नमस्कार. बरीच वर्षं रोमात आहे (म्हणजे नुसती वाचतेय), चर्चेचा धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मार्चमध्ये इथे पुण्यात एका प्रदर्शनातून ५ बाय ७ फुटांचा गालिचा घेतला. मध्ये बदामी, कडेनं वीतभर रुंद डाळिंबी किनार, किनारीला रेशमासारखी चकाकी. विकणारा म्हणाला, "प्युअर वूल, हातानं केलेला, रंग एकदम पक्का." एक लाल धागा पेल्यातल्या पाण्यात बुडवून दाखवला. पाणी स्वच्छ राहिलं, आम्ही खूश.

आमचं देवघर हॉलमध्येच आहे. सासरे सोवळ्याचे पक्के. पूजेला सतरंजी चालत नाही, पण "लोकर आहे ना? मग चालेल" म्हणून तेच कौतुकानं गालिच्याच्या किनारीवर बसायला लागले. पावसाळा लागेपर्यंत सगळं ठीक होतं. गेल्या आठवड्यात धोतर नीट वाळलं नव्हतं, तसंच दमट नेसून पूजेला बसले आणि उठले तर मागे हा एवढा गुलाबी डाग. सासूबाईंना वाटलं कुंकवाचा करंडा सांडला.

मग मी बघायला लागले. माझ्या सुती सलवारीच्या घोट्याला गुलाबी कड. किनारीला टेकून ठेवलेला क्रीम रंगाचा रेक्झिनचा पफ खालून गुलाबी, तो पुसून अजिबात निघत नाही. मुलीचे शाळेचे पांढरे मोजे मात्र स्वच्छ, आणि ती तर दिवसभर त्याच गालिच्यावर लोळत असते.

गालिचा घरी धुवून टाकू का? बहीण म्हणते मिठाच्या पाण्यानं रंग बसतो.

तिखटमीठ | ४ जुलै, रात्री १०:१५

बहीण बरोबर सांगतेय. मीठ आणि व्हिनेगर. आमच्याकडे नवीन कॉटनची साडी पहिल्यांदा मिठाच्या पाण्यातच भिजवतात. गालिच्यावर स्प्रे बाटलीनं मारा आणि वाळू द्या.

बारावाटा | ४ जुलै, रात्री १०:३१

आधी बिल शोधा. बिलावर 'वूल' लिहिलंय का?

गोधडी | ४ जुलै, रात्री १०:४०

बिलावर लिहिलंय "कार्पेट १ नग". खाली एक मोबाइल नंबर, तो लागत नाही.

केमिस्ट्री_नापास | ४ जुलै, रात्री ११:०५

गोधडी, कृपया स्प्रे मारू नका, निदान आज रात्री तरी.

मीठ उपयोगी पडतं ते रंगाच्या पातेल्यात. सुती धागा आणि त्याचा रंग पाण्यात एकमेकांना थोडे दूर लोटतात, मीठ ते दूर लोटणं कमी करतं आणि रंग धाग्याकडे सरकतो. रंगवून झाल्यावर, वाळल्यावर, दुकानातून घरी आल्यावर मीठ टाकून रंग आत जात नाही. तिखटमीठ, तुमच्या साडीतून पहिल्या धुण्यात जादा रंग निघून जातो, तो साध्या पाण्यानंही गेला असता. श्रेय मिठाला मिळालं.

व्हिनेगरचं थोडं वेगळं. लोकर आणि रेशीम आम्लात रंगवतात, पण जवळजवळ उकळत्या पाण्यात. थंड व्हिनेगर शिंपडून ते काम होत नाही. तुरटी कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, ती मंजिष्ठा-हळदीसारख्या रंगांसाठी असते आणि बहुतेक वेळा रंगवायच्या *आधी* लावतात.

आणि गालिच्याखाली संगमरवर असेल तर व्हिनेगरचं नावही काढू नका. फरशीची चकाकी जाईल ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येणार नाही.

तिखटमीठ | ४ जुलै, रात्री ११:१२

बरं बुवा. साडीचं श्रेय मी तरी मिठालाच देणार.

सोलापुरी_लडी | ५ जुलै, सकाळी ६:२०

ताई, ३१ वर्षं सूत रंगवण्यात गेली, सोलापूरच्या पूर्व भागात. आता घरी असतो. गालिचे मी रंगवले नाहीत, पण जमखाने, चादरी आणि टॉवेलचं सूत भरपूर रंगवलं. थोडं लांबेल, चहा घेऊन वाचा.

घासून रंग लागण्याला आमच्या धंद्यात 'रबिंग' म्हणायचे. माल गेला की पार्टीचा पहिला फोन, "रबिंग किती आलं?" परीक्षेचं मशीन असतं, क्रॉकमीटर. साधं हातानं फिरवायचं यंत्र. पांढरं सुती कापड एका खुंटीला बांधायचं, ती खुंटी ठरावीक वजनानं मालावर १० वेळा पुढेमागे फिरते. एकदा कोरडं कापड, एकदा ओलं. मग कापडावर आलेला डाग करड्या पट्टीशी ताडून १ ते ५ मार्क. ५ म्हणजे डागच नाही, १ म्हणजे माल परत. गालिच्यासारख्या लव असलेल्या मालाला गोल खुंटी नीट चालत नाही, म्हणून चौकोनी ठोकळा लावतात. या परीक्षेचं ठरलेलं मानक आमच्या वेळी आपल्याकडं आयएस ७६६ होतं, बाहेरच्या मालाला आयएसओ १०५-एक्स१२.

ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे गडद लाल, काळा, नेव्ही यांना ओल्या रबिंगला ५ मिळणं फार अवघड. २-३ आले तरी बरेच घेणारे चालवून घेतात. म्हणजे तुमचा माल खोटाच आहे असं लगेच म्हणू नका.

हे का होतं? सूत रंगाच्या कढईतून निघतं तेव्हा सगळा रंग आत गेलेला नसतो. काही धाग्याच्या अंगावर नुसता बसलेला असतो. नवीन चुना दिलेल्या भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा होतो, तसंच. तो वरचा रंग काढायला लडी साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढतात, त्याला सोपिंग म्हणतात. फिक्या रंगाला एकदा पुरतं, डाळिंबीला दोनदा, कधी तीनदा. पाणी लागतं, वाफ लागते, अर्धी पाळी जाते. गिऱ्हाईक दारात बसलेलं असलं की पहिली कात्री सोपिंगलाच. मीही लावलीय, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्या पाण्याच्या पेल्याबद्दल. पाण्यात रंग सुटणं आणि घासून रंग लागणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. आमच्याकडं लाल म्हणजे नॅप्थॉलचा असायचा. सूत आधी नॅप्थॉलमध्ये बुडवायचं, मग बर्फ घातलेल्या दुसऱ्या पाण्यात. तिथं पिवळट सूत डोळ्यादेखत लाल भडक व्हायचं. ३१ वर्षं बघूनही मला त्याची गंमत वाटायची. तो रंग पाण्यात विरघळतच नाही. चादर बादलीत रात्रभर भिजवा, पाणी स्वच्छ. पण सोपिंग कमी पडलं की त्याच चादरीवर पांढरा हातरुमाल फिरवा, लाल! निळीचंही तेच, जीन्स नवी असली की मांड्या निळ्या होतात ना. याउलट काही स्वस्तातले सुती रंग पाण्यात धो धो सुटतात, पण कोरडं घासलं तर फारसे लागत नाहीत. म्हणून पेला दाखवणाऱ्यानं तुम्हाला वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

आज एवढं करा. जुनं पांढरं बनियन घ्या, बोटाला गुंडाळा. किनारीवर न दिसणाऱ्या कोपऱ्यात वीतभर अंतरात १० वेळा पुढेमागे, फार जोर नको. मग दुसरा तुकडा ओला करून घट्ट पिळून तसंच. मग दोन्ही बदामी भागावर. तुकडे वाळल्यावर उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. आणि किनारीला सेलोटेप लावून उचला. नव्या गालिच्याची लव गळते. ती बारीक लाल लव पांढऱ्या कापडात अडकली की रंगच लागल्यासारखी दिसते. टेपवर तंतू आले आणि कापडावरचे झटकून गेले तर रंगारी सुटला.

बारावाटा | ५ जुलै, सकाळी ८:४४

+१. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

जर्सीकर | ५ जुलै, सकाळी ९:३०

जखमेवरची खपली काढलीत. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत बेज रंगाचा कार्पेट होता. त्यावर भारतातून आणलेला लाल गालिचा टाकला. दोन वर्षं काही झालं नाही. मग उत्साहानं मशीन भाड्यानं आणून तो धुतला आणि "वरून कोरडा लागतोय" म्हणून त्याच रात्री परत पसरला. सकाळी खालच्या कार्पेटवर गालिच्याचा पूर्ण नकाशा, वेलबुट्टीसकट. डिपॉझिटमधले बरेच पैसे गेले.

साफ करायला आलेल्या माणसानं सांगितलं की खालचा कार्पेट नायलॉनचा. लोकर ज्या रंगांनी रंगवतात त्याच रंगांनी नायलॉनही रंगतं. म्हणजे मी तो दमट गालिचा ठेवून खालचा कार्पेट चक्क *रंगवला* होता. खाली पॉलिप्रॉपिलीन असतं तर बहुधा पुसून निघालं असतं, कारण ते सहसा कुठलाच रंग धरत नाही.

गोधडी | ५ जुलै, दुपारी ३:१०

लडीकाका, केलं सगळं.

किनार, कोरडं: अगदी फिकट गुलाबी, बघितलं तरच दिसेल.
किनार, ओलं: डाळिंबाचे दाणे कापडात धरून पिळल्यासारखं.
बदामी भाग: दोन्ही वेळा काही नाही.
सेलोटेप: किनारीवर लाल तंतू आले, पण ओल्या कापडावरचा डाग झटकून जात नाही. म्हणजे रंगारी सुटला नाही!

केमिस्ट्री_नापास | ५ जुलै, दुपारी ४:०२

पफचं मी सांगतो. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर घातलेला असतो. रंग आधी वर लागतो, मग त्या तेलकट द्रव्यात विरघळून आत शिरतो. पहिल्या दिवशी साबणानं गेला असता, आठवड्यानंतर तो पृष्ठभागावर उरतच नाही, पुसणार काय? पांढऱ्या सीटवर जीन्सचा निळा बसतो तो याच वाटेनं. थिनर लावू नका, डाग जायच्या आधी रेक्झिनचा वरचा थर जाईल.

पावसाळी_वहाण | ५ जुलै, सायंकाळी ६:१८

अवांतर: आमच्या बाथरूमबाहेर मागून रबर असलेलं पायपुसणं आहे. ते निळं आहे, पण खालच्या व्हायनल फ्लोअरिंगवर पिवळा चौकोन उमटलाय. निळ्याचा पिवळा कसा झाला?

केमिस्ट्री_नापास | ५ जुलै, सायंकाळी ६:४०

तो पायपुसण्याचा रंगच नाही. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती व्हायनलमध्ये उतरतात आणि पिवळी पडतात. डाग कायमचा समजा. व्हायनलवर रबरी पाठीचं काही ठेवायचं नाही, एवढंच.

पावसाळी_वहाण | ५ जुलै, सायंकाळी ६:४३

म्हणजे आता त्या चौकोनावर पायपुसणंच ठेवायचं. ठीक.

सोलापुरी_लडी | ५ जुलै, रात्री ८:०५

ताई, मला त्या मोज्यांचं नवल वाटत होतं. धोतर सुती, सलवार सुती, दोन्हींना रंग. शाळेचे मोजे बहुतेक पॉलिस्टरचे असतात, ते स्वच्छ. सुती धाग्याला आवडणारा रंग ओल्यात सुती कापडावर जाऊन बसतो, पॉलिस्टरवर बसत नाही. लोकरीचा रंग असता तर त्याचा ओढा रेशीम-नायलॉनकडं जास्त. लॅबमध्ये यासाठी सुती, नायलॉन, पॉलिस्टर, लोकर अशा सहा जातींची एकच पट्टी मिळते, मालाबरोबर धुवायची आणि कुठली पट्टी रंगली ते बघायचं. तुमच्या घरी ती पट्टी आपोआप तयार झाली.

शिवाय ती रेशमासारखी चकाकी. मला किनार लोकरीची वाटत नाही. पुराव्याशिवाय बोलू नये म्हणून, किनारीतून आणि बदामीतून दोन-चार तंतू उपटा. चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा, काडी लावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत लगेच दमते, मागं काळी, चिमटीत चुरणारी गोळी राहते. कागद जळल्यासारखा वास आणि चिमूटभर हलकी राख आली तर ते सूत किंवा व्हिस्कोस, ही चकाकी बघता व्हिस्कोसच. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर.

गोधडी | ६ जुलै, सकाळी १०:२५

केलं. बदामी: केस जळाल्याचा वास, काळी गोळी. किनार: कागद! भुरकन पेटलं आणि राख.

हे सगळं मी ओट्यापाशी करत होते. सासरे वास आला म्हणून आत आले, काय चाललंय विचारलं. मी सांगितलं, "बाबा, मधली लोकर आहे, पण किनार व्हिस्कोसची निघाली." "म्हणजे कशाची?" "लाकडाच्या लगद्यापासून करतात, कापसाच्या जातीचंच." ते मिनिटभर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मार्चपासून माझं सोवळं नव्हतंच."

मला हसू आवरेना, त्यांना राग आवरेना.

तिखटमीठ | ६ जुलै, सकाळी १०:३३

धोतराचा डाग जाईल हो, पण चार महिन्यांच्या पूजेचं काय?

बारावाटा | ६ जुलै, सकाळी १०:४१

बदामी भागावर सरकून बसले असते तर दोन्ही वाचलं असतं. (हलके घ्या.)

सोलापुरी_लडी | ६ जुलै, दुपारी १२:१५

आजोबांना माझा नमस्कार सांगा. आमच्या वडिलांची सोवळ्याची लोकरीची धाबळी होती, तिच्यावर कुणाला बसू देत नसत.

आता कामाचं. व्हिस्कोसला बाजारात आर्ट सिल्क, बांबू सिल्क अशी छान छान नावं आहेत. भिजलं की ते फार कमजोर होतं, ओलं असताना घासलं की लव तुटते आणि आडवी पडते, परत उभी राहत नाही. आणि एक बघा. गालिच्याची मागची बाजू उलटा. नक्षी तशीच्या तशी मागं दिसली तर गाठी मारलेला. मागं कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड, म्हणजे बंदुकीसारख्या हत्यारानं धागा मारून मागून लॅटेक्सचा गोंद लावलेला. हत्यार हातातच धरतात, म्हणून 'हातानं केलेला' हे काही खोटं नाही. टफ्टेड असेल तर भिजवायचा नाहीच. गोंद दिवसचे दिवस वाळत नाही, वास धरतो आणि पुढं त्याची पावडर होऊन खाली सांडते.

कुणी 'फिक्सर मारून देतो' म्हणाला तर हो म्हणू नका. फिक्सर पाण्यात सुटणारा रंग थोपवतो. अंगावर नुसता बसलेला रंग त्यानं आत जात नाही, रबिंगला त्याचा फारसा उपयोग नाही.

तुम्ही इतकंच करा. फिरत्या ब्रशशिवाय व्हॅक्यूम, लवीच्या दिशेनं. मग कोरड्या पांढऱ्या सुती कापडानं किनार पुसायची, कापड बदलत, लवीच्या दिशेनंच. रोज पाच मिनिटं. सुटा रंग हळूहळू कापडावर येईल. पाऊस संपेपर्यंत गालिचा जिथं ओले पाय पडत नाहीत तिथं ठेवा. नंतर गालिचे धुणाऱ्यालाच दाखवा, आणि आधी कोपऱ्यात ओलं कापड लावून न बघता थेट पाणी मारायला निघाला तर तसंच परत घेऊन या.

धोतराला इस्त्री करू नका. नुसतं पांढरं असेल तर हायड्रोच्या (रंग उडवायच्या पावडरीच्या) गरम पाण्यात रंग उडेल. काठ आहे का?

गोधडी | ६ जुलै, दुपारी १२:३०

आहे, लाल काठ. आणि उलटून पाहिलं, मागे कापड चिकटवलेलंच आहे.

सोलापुरी_लडी | ६ जुलै, दुपारी १२:३८

मग हायड्रो नको, काठही उडेल. गरम पाणी, साबण, क्लोरीन नसलेली पांढरं करायची पावडर. दोन-तीन वेळा.

चिंचगूळ | ६ जुलै, दुपारी २:००

बदामी भागात थोडा लाल ओघळला असेल तर कापसानं ब्लीच लावून बघा, माझ्या बेडशीटचा गेला होता.

केमिस्ट्री_नापास | ६ जुलै, दुपारी २:०४

नको!! बेडशीट सुती, गालिचा लोकरीचा. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लोकर आधी पिवळी पडते आणि मग विरघळते. खोटं वाटत असेल तर स्वेटरचा एक धागा वाटीत टाकून ठेवा आणि जेवून या.

चिंचगूळ | ६ जुलै, दुपारी ३:२०

टाकला. जेवून आले. धागा सापडत नाहीये.

गोधडी | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचा राहिला होता.

रोज पाच मिनिटं पुसणं पंधरा दिवस केलं, मग आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवसाचं आणि काल रात्रीचं कापड शेजारी ठेवून पाहिलं. कोरड्याला आता काहीच येत नाही, ओल्याला फिकट गुलाबी येतंच. गालिचेवाल्या एका माणसाला दाखवला. त्यानं स्वतःहून ओला रुमाल कोपऱ्यात दाबला, बघितलं आणि म्हणाला, "हा मी धुणार नाही, वरून कोरडा साफ करून देतो." त्याला चहा पाजला.

गणपतीत पाहुणे येणार म्हणून गालिचा गुंडाळून कपाटावर ठेवला होता, आता बेडरूममध्ये पलंगाच्या पायथ्याशी आहे. पफची गुलाबी बाजू भिंतीकडे. धोतर तीन धुण्यांत बरंच निवळलं, पण सासऱ्यांनी ते पूजेतून काढून टाकलं, आता ते नेसून गच्चीत कुंड्यांना पाणी घालतात. माळ्यावरून त्यांच्या वडिलांची धाबळी काढली. कसरीनं दोन ठिकाणी खाल्लीय, पण आधी तिचाही एक तंतू माझ्याकडून जाळून घेतला आणि वास स्वतः घेतला, मगच बसले.

सोलापुरी_लडी | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

केसाचा आला ना?

गोधडी | २१ सप्टेंबर, रात्री ९:४१

केसाचाच!

पावसाळी_वहाण | २२ सप्टेंबर, सकाळी ७:५५

लडीकाका, दाराशी ज्यूटचं हिरवं पायपुसणं आहे, त्याचा रंग आमच्या मांजराच्या पांढऱ्या पंजांना लागतो. हे कोरडं रबिंग धरायचं की ओलं?

सोलापुरी_लडी | २२ सप्टेंबर, सकाळी ८:१०

मांजर पंजे चाटतं. आधी पायपुसणं काढा, मग नवा धागा काढा, तिथं बोलू.